हेडफोन मोठा, म्हणून ॲम्प घ्यायचाच का? आधी हा हिशेब करा

"मामा, हेडफोन खराब निघाला वाटतं. फुल केला तरी आवाजच येईना गेलाय."

मागच्या उन्हाळ्यात लातूरहून भाच्याचा फोन आला. पठ्ठ्याने ओळखीतल्या एका पोराकडून कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन जुना म्हणून घेतला होता. त्याच्यावर '२५० ओहम' लिहिलेलं. तो थेट फोनला लावला आणि वैतागला. सातशे रुपयांचा इअरफोन त्याच फोनवर कान फाडायचा, आणि हा एवढा मोठा, एवढा जड, तरी बोलत नव्हता.

म्हटलं, परत करू नको, रविवारी अंबाजोगाईला ये. आला. मी तो माझ्या साउंड मिक्सरच्या हेडफोनच्या खोबणीत लावला, एक अभंग चालू केला आणि बटण निम्म्याच्या आतच ठेवलं. पखवाजाची पहिली थाप पडली तशी त्याने दोन्ही हातांनी कप धरले.

इथवर ठीक होतं. पण लातूरला परत गेल्यावर त्याने खोलीवरच्या दोस्तांना सांगून टाकलं की मोठ्या हेडफोनला ॲम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारा वेगळा डबा, लागतोच. त्यातल्या एकाने ३८ ओहमच्या हेडफोनसाठी ॲम्प मागवलासुद्धा. त्याचा हेडफोन फोनवर मजेत वाजत होता, ॲम्पवरही तसाच वाजला. पैसे गेले ते गेले. हा लेख त्या पोरासाठी, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे. मी कीर्तन-भजनाची रेकॉर्डिंग साफ करून देतो, त्यामुळे दिवसाचे सात-आठ तास हेडफोन डोक्यावरच असतो. त्यातून जे कळलं ते सांगतो. थोडं गणित आहे, पण बेरीज-वजाबाकीच.

लहान का ओरडतो, मोठा का गप्प बसतो

शेतातलं उदाहरण घ्या. ठिबकची नळी पाणी थेट मुळाशी सोडते, थेंबाथेंबाने भागतं. तेच पाटाने द्यायचं म्हटलं की मोटर तासन्तास चालवावी लागते, कारण वाटेतली जमीनही भिजवावी लागते.

कानाच्या भोकात घट्ट बसणारा इअरफोन म्हणजे ठिबक. त्याचा पडदा सहा ते दहा मिलिमीटरचा, पण समोर बंद पोकळीतली जेमतेम एक-दोन घन सेंटीमीटर हवा, आणि पलीकडे लगेच कानाचा पडदा. एवढीशी हवा हलवायला कितीशी ताकद लागणार? मोठ्या हेडफोनचा पडदा ४० ते ५० मिलिमीटरचा, कपातली हवा कितीतरी जास्त, वर गादीच्या कडेने थोडी गळती. मागून उघडा असेल तर अर्धा आवाज खोलीतच जातो.

म्हणजे मोठ्याला जास्त ताकद लागते हे सर्वसाधारणपणे खरं. घोळ पुढच्या शब्दात आहे. 'जास्त' म्हणजे किती? फोन देतो त्याच्या आतलं जास्त, की बाहेरचं? ते मापावरून कळत नाही. स्टुडिओत वर्षानुवर्षं दिसणारा सोनीचा एमडीआर-७५०६ कान झाकणारा चांगला मोठा हेडफोन आहे, आणि साध्या फोनवर मोकळा बोलतो.

पहिली पायरी: तुमचा हेडफोन वायरचा आहे ना?

ब्लूटूथवर ऐकत असाल तर लेख इथेच सोडा. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये बॅटरी, डॅक आणि ॲम्प आतच बसवलेले असतात. ब्लूटूथवर ऐकताना बाहेरचा ॲम्प मध्ये घालायला जागाच नाही.

डॅक हा शब्द पुढेही येईल, म्हणून एका वाक्यात: फोनमधलं गाणं आकड्यांत असतं, त्या आकड्यांची वीजलहर करतो तो डॅक, आणि त्या लहरीला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो तो ॲम्प. ३.५ मिलिमीटरची खोबणी असलेल्या प्रत्येक फोनमध्ये हे दोन्ही आधीपासून आहेत. तेव्हा ॲम्प हवा की नको, हा प्रश्नच नाही. ॲम्प आहेच. तो पुरतो का, एवढंच बघायचं.

दुसरी पायरी: डब्यावरचे दोन आकडे शोधा

डब्यावर, नाहीतर कंपनीच्या पानावर दोन आकडे असतात. एक ओहममध्ये, त्याला इम्पिडन्स म्हणतात. दुसरा डेसिबलमध्ये, ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली तर आवाज किती येतो ते. बहुतेक जण पहिला आकडा वाचतात आणि थांबतात. भाच्यानेही तेच केलं.

ओहम म्हणजे नळी किती बारीक आहे ते. ३०० ओहमची नळी बारीक, तिच्यातून पाणी न्यायला दाब जास्त लागतो. हा दाब म्हणजे व्होल्ट. १६ ओहमची नळी जाड, तिथे दाब कमी चालतो, पण धार मोठी लागते. सेन्सिटिव्हिटी म्हणजे तेवढ्या पाण्यात पीक किती येतं ते. नळी बघितली आणि पीक बघितलंच नाही, तर अंदाज चुकणारच.

डेसिबलचा आकडा वाचताना शेपटी नीट बघा. काही कंपन्या तो दर मिलिवॅटला देतात, काही दर व्होल्टला. दोन्ही आकडे शंभराच्या आसपास दिसतात, म्हणून लोक सरळ शेजारी ठेवून तुलना करतात. ती तुलना चुकीची. शेपूट लिहिलेलीच नसेल तर बहुधा मिलिवॅटचा आकडा असतो, पण कंपनीच्या पानावर खात्री करून घ्या.

तिसरी पायरी: सगळ्यांना एकाच मापात आणा

आपण सगळं 'एका व्होल्टला किती डेसिबल' यात आणू, कारण फोन आणि डाँगल (खोबणी नसलेल्या फोनला हेडफोनसाठी लावायचा छोटा जोड) काय देतात ते व्होल्टमध्ये सांगितलं जातं. मिलिवॅटचा आकडा असेल तर ओहम बघून त्यात अशी भर घाला: १६ ओहमला १८, ३२ ला १५, ६४ ला १२, ८० ला ११, १५० ला ८, २५० ला ६, ३०० ला ५ आणि ६०० ला फक्त २. मधले आकडे अंदाजाने घ्या, एखाद्या डेसिबलने काही बिघडत नाही. आकडा आधीच व्होल्टचा असेल तर काहीच मिळवायचं नाही.

मग एकच गोष्ट लक्षात ठेवा. व्होल्ट दुप्पट झाला की ६ डेसिबल वाढतात, निम्मा झाला की ६ घटतात.

आता गाठायचं किती? आपण सहसा ७०-८० डेसिबलच्या आसपास ऐकतो. पण संगीत सपाट नसतं. महाराज हळू आवाजात ओवी सांगत असतात आणि गजराला टाळ-पखवाज एकदम चढतात. ती चढण सरासरीच्या १५-२० डेसिबल वर सहज जाते. त्यावर जुन्या, दबक्या रेकॉर्डिंगसाठी थोडी गंगाजळी ठेवली की ११० हा आकडा मिळतो. कायम ११० वर ऐकायचं नाही, देवा. क्षणभराच्या थापेला तेवढी मुभा हवी, एवढंच.

आता हिशेब करू.

सोनी एमडीआर-७५०६: ६३ ओहम, १०६ डेसिबल दर मिलिवॅट. १०६ अधिक १२ म्हणजे एका व्होल्टला ११८. अर्धा व्होल्ट दिला तरी ११२. विषय संपला.

ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स: ३८ ओहम, ९९ डेसिबल. भर १४ ची, एका व्होल्टला ११३, अर्ध्याला १०७. भाच्याच्या दोस्ताने याच्यासारख्याच हेडफोनसाठी ॲम्प घेतला होता.

बायरडायनामिक डीटी ७७० प्रो, ८० ओहमवाला: ९६ अधिक ११, एका व्होल्टला १०७. लॅपटॉपवर चालेल, कमजोर फोनवर मात्र आवाजाची पट्टी शेवटपर्यंत न्यावी लागेल. त्याच कंपनीचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमवाला: ९६ अधिक ६, एका व्होल्टला १०२. अर्ध्या व्होल्टच्या फोनवर उरतात ९६. भाच्याची तक्रार नेमकी इथली.

सेनहायझर एचडी ६००, १९९७ मध्ये आलेला आणि आजही लोक शोधून घेतात तो: ३०० ओहम, एका व्होल्टला ९७. ११० गाठायला साडेचार व्होल्टच्या आसपास हवेत. फोनकडून ही अपेक्षा धरणं म्हणजे एक एचपीच्या मोटरीला पाच एचपीचं काम सांगणं.

आणि दुसऱ्या टोकाला शुअर एसई२१५ हा कानात बसणारा: १७ ओहम, १०७ डेसिबल दर मिलिवॅट. भर जवळजवळ १८ ची, एका व्होल्टला १२५ च्या घरात. फोन निम्म्यावर आणला तरी जास्तच आहे.

आता ओहम बघून फसणाऱ्यांसाठी खास नमुना. हायफायमॅनचा एचई-६ हा प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याचा, हेडफोन फक्त ५० ओहमचा. ओहम वाचून वाटेल, फोनवर पळेल. पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल दर मिलिवॅट. ११० डेसिबलसाठी शुअरला २ मिलिवॅट लागतात, एचडी ६०० ला ६७ च्या आसपास, आणि या ५० ओहमवाल्याला जवळपास ४५०. प्लॅनर घेणाऱ्याने म्हणूनच सेन्सिटिव्हिटीचा आकडा दोनदा वाचावा. सगळे प्लॅनर इतके हट्टी नसतात, हेही खरं.

चौथी पायरी: तुमचा फोन किती देतो?

खोबणी असलेले फोन साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतात, लॅपटॉप बहुतेक एक व्होल्टच्या आसपास. अपवाद आहेत. २०२१ मध्ये आलेल्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोची खोबणी हेडफोनचे ओहम स्वतः मोजते, आणि १५० च्या वर दिसले की ३ व्होल्टपर्यंत देते. त्या लॅपटॉपवर २५० ओहमवाल्यालाही वेगळं काही लागत नाही.

आयफोनने २०१६ मध्ये आयफोन ७ पासून खोबणी काढली आणि पुढे बऱ्याच कंपन्यांनीही ती काढली. त्यामुळे आता बऱ्याच जणांकडे चार्जिंगच्या भोकात लावायचं छोटं डाँगल असतं. त्या बोटभर डाँगलमध्ये डॅक आणि ॲम्प दोन्ही असतात. ॲपलचं डाँगल एक व्होल्टच्या आसपास देतं, मात्र युरोपात विकलं जाणारं त्याच्या निम्मंच. शिवाय ते अँड्रॉइडला लावलं की पुष्कळ फोनवर आवाज दबलेलाच राहतो, कारण फोन डाँगलच्या आतली आवाजाची पट्टी पूर्ण वर नेत नाही. डाँगल बिघडलेलं नसतं, दोघांची बोली जुळत नसते.

पाचवी पायरी: खिशात हात घालण्याआधी फुकटची परीक्षा

गणित कंटाळवाणं वाटत असेल तर हे करा. ओळखीचं एखादं शांत रेकॉर्डिंग लावा, ज्यात पुढे जोर येतो असं. फोनची पट्टी नेहमी ऐकता तेवढी ठेवा. ती साठ-सत्तर टक्क्यांच्या आत असेल, आणि जोराच्या जागी आवाज फाटत नसेल, तर उठा आणि दुसरं काम करा. शंभरावर जाऊनही पुरत नसेल, किंवा शेवटच्या टप्प्यात थाप चिरकायला लागली, तर ताकद कमी पडतेय.

त्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा चालू आहे का ते बघा. दोनदा माझ्याकडे 'ॲम्प हवा' म्हणून आलेला माणूस नुसतं ते बटण बंद करून समाधानाने घरी गेलाय.

खरी गंमत पुढे. आपल्याकडे गाव तिथे साउंडवाला आहे. हरिनाम सप्ताह असो की लग्न, मिक्सर त्याच्याकडे असतोच. त्या मिक्सरवर हेडफोनची एक मोठी खोबणी असते, ६.३५ मिलिमीटरची, आणि तिच्यामागे फोनपेक्षा दणकट ॲम्प बसलेला असतो. चहा पाजा, दहा मिनिटं मागा. तुमचा हेडफोन फोनवर ऐका, मग तेच गाणं मिक्सरवर ऐका. फक्त दोन्हीकडे आवाज सारखा वाटेल इतकाच ठेवा. ही अट पाळाच. दोन डेसिबल जास्त वाजणारी कुठलीही गोष्ट कानाला 'भरदार', 'मोकळी', 'जिवंत' वाटते, आणि व्हिडिओत ॲम्पचं कौतुक करणाऱ्या निम्म्या लोकांनी नुसता आवाज वाढवलेला असतो असा माझा संशय आहे. आवाज सारखा ठेवूनही फरक कळला तर ॲम्पचा विचार करा. नाही कळला तर त्या पैशात चांगल्या गाद्या येतात.

सहावी पायरी: घ्यायचंच ठरलं तर

हिशेबात एका व्होल्टला १०० ते १०७ आलं असेल तर टेबलावरचा डबा नको, दोन व्होल्टचं बरं डाँगल घ्या. साधं डाँगल स्वस्तात मिळतं, दोन व्होल्टवालं त्याहून महाग. खरेदी करताना 'किती ओहमला किती मिलिवॅट' हा आकडा बघा. नुसता '३२ ओहमला इतके' दिलेला असेल आणि तुमचा हेडफोन ३०० चा असेल, तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला व्होल्टचा आकडा हवा.

एका व्होल्टला शंभराच्या खाली आलात, म्हणजे एचडी ६०० किंवा एचई-६ च्या टोळीत, तर वीजबोर्डावर चालणारा ॲम्प. बारीक नळीवाल्याला व्होल्ट बघून घ्या, जाड नळीच्या हट्टी प्लॅनरला वॅट बघून. ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड जोडणं, म्हणजे दोन्ही कानांना स्वतंत्र दोन-दोन तारा, त्याच डब्यातून जास्त व्होल्ट काढतं. गरज असेल तर उपयोगी, नाहीतर वायर बदलायचा खर्च. इलेक्ट्रोस्टॅटिक नावाचा एक वेगळाच प्रकार आहे, स्टॅक्ससारखा, त्याला शेकडो व्होल्टचं स्वतःचं यंत्र लागतं. तो नवख्याच्या वाटेला जाणार नाही, म्हणून सोडून देतो.

इअरफोनवाल्यांनो, तुमची अडचण उलटी

मोठा ॲम्प आला की पोरं उत्साहाने त्याला इअरफोनही लावतात. मीही लावला होता. गाणं सुरू होण्याआधीच कानात 'स्सss' असा आवाज. फुटलेल्या ठिबकसारखा, बारीक पण अखंड.

प्रत्येक ॲम्पचा स्वतःचा थोडा खरखरीचा आवाज असतो. एका व्होल्टला ९७ डेसिबल देणाऱ्या हेडफोनवर तो ऐकूच येत नाही. १२५ देणारा इअरफोन मात्र तीच खरखर २८ डेसिबलने वर उचलून दाखवतो. शिवाय आवाजाचं बटण सुईभर हललं की कान दणाणतो, आणि बटणाच्या अगदी तळाशी बऱ्याच ॲम्पमध्ये डावी-उजवी बाजू सारखी वाजत नाही. ॲम्पवर गेनचं, म्हणजे लहर किती पटीने वाढवायची त्याचं, बटण असेल तर इअरफोनला ते कायम खाली ठेवा. नसेल तर इअरफोन फोनलाच बरा.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. ॲम्पच्या खोबणीलाही स्वतःचे ओहम असतात. ते हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून कमी असावेत, असा धंद्यातला ठोकताळा आहे. १६ ओहमच्या इअरफोनला म्हणजे दोनच्या आत. काही मिक्सरच्या खोबणीत ते तीस-चाळीस, कधी शंभरही असतात. ३०० ओहमवाल्याला चाळीस म्हणजे काहीच नाहीत. पण आत तीन-चार बारीक ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इअरफोनचे ओहम प्रत्येक सुराला बदलतात, मग तिथे काही सूर दबतात, काही उठतात. एकदा मी अशाच इअरफोनवर एका महाराजांचं कीर्तन मिक्सरच्या खोबणीतून ऐकत साफ केलं. घरी पाठवलं, तर त्यांचा मुलगा म्हणाला, "दादा, बाबांना सर्दी झालीय का?" चूक माझीच होती. सगळं पुन्हा केलं.

आता आपल्या भागातलं दुखणं: लाईट आणि अर्थिंग

डाँगलवर असाल तर हा भाग ओलांडला तरी चालेल. बोर्डावर चालणारा ॲम्प घेणाऱ्यांनी मात्र वाचाच.

ॲम्प आला, लॅपटॉपला जोडला, हेडफोन घातला, आणि गाण्यामागे 'हूंऽऽ' अशी घरघर. लॅपटॉपच्या लोखंडी कडेला बोट लावलं की घरघर बदलते, कधी बोटाला बारीक झिणझिण्या येतात. लोक म्हणतात ॲम्प खराब आला. दहात सात वेळा ॲम्प ठणठणीत असतो, घराचं अर्थिंग मेलेलं असतं.

ओळखायचं असं. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. घरघर गेली तर दोष चार्जर आणि अर्थिंगच्या वाटेचा. मग लॅपटॉप आणि ॲम्प दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, वेगवेगळ्या भिंतींवर नको. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसायचा उद्योग करू नका. घरघर कदाचित जाईल, पण शॉक बसला तर अडवायला काही उरणार नाही.

आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा भरून केलेला असतो आणि तो ओला असेल तोवरच काम करतो. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते तसा तोही कोरडा पडतो. माझ्याकडे घरघर दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू व्हायची आणि पहिल्या पावसानंतर आपोआप जायची. दोन वर्षं मी वायरी बदलत बसलो. शेवटी वायरमनने खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की विचारू नका. आता उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या नेमाने घालतो. पाणी घालूनही फरक पडला नाही तर स्वतः वायरी उघडू नका, वायरमनला अर्थिंग मोजायला सांगा.

शेजारच्या बोअरची मोटर सुरू होताना 'टक्' ऐकू येत असेल तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मी तेवढ्या वेळात चहा घेतो.

खोली, कूलर आणि कान

ॲम्प हवासा वाटण्याचं आणखी एक कारण असतं, आणि ते हेडफोनमध्ये नसून खिडकीत बसवलेलं असतं. कूलर. बेचाळीस अंशांत कूलर बंद करून कोण ऐकणार? मागून उघडा हेडफोन कूलरची घरघर जशीच्या तशी आत घेतो, मग आपण तिच्यावर आवाज चढवतो, मग वाटतं ताकद कमी पडतेय. अशा खोलीत बंद कपाचा हेडफोन किंवा घट्ट बसणारा इअरफोन कमी आवाजात भागवतो. अभ्यासिकेत तर उघडा हेडफोन नेऊच नका, शेजारच्याला तुमचं गाणं फुकट ऐकायला मिळतं. रेक्झिनच्या गाद्यांखाली घाम साचतो, कापडी गाद्या उन्हाळ्यात बऱ्या.

ॲम्प आला की कानांची जबाबदारी तुमच्यावर येते, कारण फोन आपोआप थांबायचा तिथे हा थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असं आहे, लहान मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ९० ला जेमतेम ४. ऐकून उठल्यावर कानात 'कुंईऽ' वाजत असेल तर त्या दिवसाचा कोटा केव्हाच संपलेला असतो.

डबा उघडल्यावर

ॲम्पचं बटण शून्यावर आणि गेन खाली ठेवा, मग ॲम्प चालू करा, मग हेडफोन लावा, आणि डोक्यावर सगळ्यात शेवटी. चालू-बंद होताना काही ॲम्प जोरात 'ठक्' करतात, ती ठक कानावर घेऊ नका. डाँगल किंवा डॅकमधून आवाज येत असेल तर फोनची पट्टी पूर्ण वर ठेवा आणि कमी-जास्त ॲम्पच्या बटणाने करा. फोनच्या ३.५ च्या खोबणीतूनच ॲम्पला दिलं असेल तर पट्टी ऐंशी-नव्वदवर ठेवा, शंभरावर काही फोन फाटतात. बटण चार-पाच वाजताच्या जागी नेऊनही आवाज पुरत नसेल तेव्हाच गेन वर करा, आणि त्याआधी बटण पुन्हा शून्यावर आणा.

मोठ्या हेडफोनसोबत ६.३५ चा पितळी जोड येतो. तो मिक्सरसाठी आणि ॲम्पसाठी. उलट काम करणारा, मोठ्या पिनेला ३.५ ची करणारा आखूड जोडही बाजारात मिळतो, तो फोनला मात्र लावू नका. जड पिन, त्यावर तीन मीटरची वायर, आणि सगळा भार फोनच्या इवल्याशा खोबणीवर. लावायचाच असेल तर वीतभर वायर असलेला जोड घ्या. भाच्याने आखूड घेतला होता. आता त्याच्या फोनला इअरफोन लावला तर डावा कान वाजतो, आणि उजवा वाजायला वायर अंगठ्याने दाबून धरावी लागते.